किंग्जचा २०२५ चा उन्हाळा पास की नापास? वेस्टब्रूक पण आला, आता तरी सांगा

ठाणेकर_बीम

मंडळी, रसेल वेस्टब्रूक किंग्जकडे येतोय ही बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर भांडण लागलं म्हणून इथे विचारतोय. सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए बास्केटबॉल टीमने या उन्हाळ्यात जे काही केलं ते सगळं धरून दहापैकी किती मार्क द्याल? मी सहा दिले तर मित्र म्हणतो तू टीमचे मालक राणदिवेंचा भाचा आहेस का.

आधी माझं किंग्जशी काय नातं ते सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारणारच की लेकर्स-वॉरियर्स सोडून हे कुठलं खूळ. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्सच्या दोन मॅच झाल्या होत्या. पहिल्या दिवशी ४ तारखेला शाळेतल्या पोरांना बोलावलं होतं, तीन हजार पोरं असतील, त्यात आमची शाळा पण होती. मी सातवीत. बसमध्ये वडापाव खाल्लेला, हाताला चटणीचा वास आणि समोर किंग्जचा गार्ड डिॲरन फॉक्स पळतोय. मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि किंग्ज १३२-१३१ हरले. पहिल्याच भेटीत एका पॉइंटने हरणारी टीम आवडली की पुढे काय होणार ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तर आता हिशोब. फॉक्स फेब्रुवारीतच सॅन अँटोनियोला गेला, त्या ट्रेडमध्ये झॅक लावीन आला. एप्रिलमध्ये प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या बाद फेरीला, घरच्या कोर्टवर डॅलसकडून हरलो, ४० जिंकून ४२ हरून सीझन संपला, त्याच रात्री जनरल मॅनेजर मॅकनेअर गेला आणि पुढे त्याच्या जागी स्कॉट पेरी आला. त्यानंतर डेनिस श्रोडर आला, तीन वर्षं, साधारण ४४ मिलियन डॉलर. व्हॅलान्च्यूनस डेन्व्हरला देऊन डारिओ शारिच घेतला. ड्राफ्टला (नवीन पोरं निवडतात तो) २४ नंबरवर नीक क्लिफर्ड, ४२ वर मॅक्सिम रेनो. ड्रू युबँक्स बॅकअप सेंटर. लारेव्हिया लेकर्सकडे पळाला. कीगन मरेला पाच वर्षांचं १४० मिलियनचं एक्स्टेन्शन दिलं, आणि त्याच्याच अंगठ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तो चार-सहा आठवडे बाहेर. आणि आता रसेल वेस्टब्रूक, मिनिमम पगारावर.

माझं म्हणणं एवढंच की एकेक मूव्ह बघितली तर वाईट कुठलीच नाही. श्रोडर चांगला, क्लिफर्ड चांगला, वेस्टब्रूक जवळपास फुकटात. मग सगळे शिव्या का घालतायत? मला खरंच समजत नाहीये, टोमणे मारू नका प्लीज.

लेकर_लालबाग

लारेव्हिया पाठवल्याबद्दल आभारी आहोत. दिवाळीचा फराळ पाठवू का बदल्यात 😂

नागपूरचा_नेट

अरे बाप्पा, टोमणे नाही मारत, पण तू मार्क द्यायला बसला आहेस ते उलट्या बाजूने. कोण कोण आलं याची यादी बघून मार्क नसतात देत. आधी बघायचं की टीमला भोक कुठे होतं, मग बघायचं ठिगळ कुठे लावलं. मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवतोय, दर जूनमध्ये आमच्याकडे पण हेच होतं, चार नवीन पोरं येतात, चारही चांगली, चारही पॉइंट गार्ड! चांगली आहेत म्हणून खुश होतो आणि पहिल्या मॅचला लक्षात येतं की रिबाउंडला उभं कोण राहणार.

किंग्जचं भोक कुठे होतं? एक, मोठा विंग नाही, म्हणजे साडेसहा-पावणेसात फुटाचा माणूस जो समोरच्या टीमच्या स्टारला अंगावर घेईल. मरे सोडला तर कोणी नव्हता. दोन, रिमजवळ (बास्केटच्या रिंगजवळ) अडवणारा नाही. टीमचा सेंटर साबोनिस रिबाउंडचा राजा आहे, सलग तीन सीझन लीगमध्ये एक नंबर, गेल्या वर्षी मॅचला १३.९, पण तो उडी मारून बॉल अडवणारा सेंटर नाही. त्याचा दोष नाही त्यात, तो तसा प्लेयरच नाही. तीन, बाहेरून येणाऱ्या गार्डला पहिल्या पावलावर अडवणारा कोणी नाही, किऑन एलिस आहे पण त्याला मिनिटं देताना कोचचा हात आखडतो.

आता ठिगळं बघ. श्रोडर तिसऱ्या भोकाला थोडाफार लागतो, ते मान्य. डिफेन्सला चिवट आहे, गेल्याच महिन्यात जर्मनीला युरोबास्केट जिंकून दिलं, स्पर्धेचा एमव्हीपी तोच, २०२३ च्या वर्ल्ड कपलाही तोच होता. एनबीएत मात्र हा दहाव्या टीमकडे आलाय, ते काहून ते पण विचार कर. पण पहिल्या दोन भोकांना काय? शारिच रिम अडवत नाही. युबँक्स धडपडतो बिचारा, पण बॅकअप तो बॅकअप. क्लिफर्ड विंग आहे, रिबाउंड चांगला घेतो, पण रूकी, पहिलंच वर्ष. मोठा विंग कोणी आलाच नाही, उलट लारेव्हिया होता तोही गेला. आणि जो एक होता त्याचा अंगठा गेला.

आता एक पझेशन डोळ्यासमोर आण. साबोनिस वर एल्बोला, फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर, बॉल घेऊन उभा. २०२२-२३ ला काय व्हायचं? शूटर ह्यूर्टर कोपऱ्यातून पळत यायचा, साबोनिसच्या हातातून बॉल उचलायचा, समोरचा डिफेंडर साबोनिसच्या खांद्यावर आपटायचा, तोवर शॉट हवेत. नाहीतर फॉक्स यायचा आणि सरळ रिमपर्यंत. आणि हे सगळं चालू असताना बाकीचे तिघं लांब पसरलेले. त्या वर्षी ४८-३४ झाले, सोळा वर्षांनी प्लेऑफ मिळाला. आता त्याच एल्बोवर डिरोझनला उभं राहायचंय, कारण त्याचा धंदाच तिथला, पाठ लावायची, दोन ड्रिबल, फेडअवे (मागे झुकून शॉट). लावीनला बॉल हातात पाहिजे. मंकला पाहिजे. श्रोडरला पाहिजे. आणि त्यात आता वेस्टब्रूक, ज्याला बॉल नसेल तर समोरची टीम त्याला मोकळा सोडून पेंटमध्ये (बास्केटखालच्या चौकटीत) गर्दी करते, साबोनिसच्या अगदी नाकासमोर! बॉल एक आहे राजेहो.

आणि लावीन-डिरोझन हा प्रयोग शिकागोत झालेला आहे. २०२१ ते २०२४ तीन सीझन एकत्र होते, प्लेऑफ एकदाच, २०२२ ला, तिथे मिलवॉकीने ४-१ ने घरी पाठवलं. तिथे तर लोन्झो बॉल, करुसोसारखे डिफेन्सवाले पण होते सोबत. तीच भाजी दुसऱ्या कढईत करून चव बदलेल असं कोणाला वाटतं ते सांगा मला.

माझ्याकडून चार. त्यातले दोन क्लिफर्डचे.

सीए_सदाशिव

नेटसरांचं कोर्टवरचं पटलं पण चार फारच कंजूषपणा झाला. मी पैशाच्या बाजूने बघतो, कारण मॅनेजरला शिव्या घालण्याआधी त्याच्या खिशात काय होतं ते बघायला पाहिजे ना.

२०२५-२६ ची सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) १५४.६ मिलियन. त्यात लावीन एकटा ४७ च्या पुढे, साबोनिस ४२ च्या पुढे, डिरोझन २४ च्या पुढे, मंक १८ च्या पुढे. चौघांतच १३० पार. बाकीच्या अकरा जणांना काय भेळ खायला द्यायची? म्हणजे पेरी आला तेव्हा घर आधीच विकत घेतलेलं, हप्ते चालू, त्याच्या हातात फक्त पडदे बदलणं होतं. पडदे बदलायला एक नोट होती, मिड-लेव्हल एक्सेप्शन (कॅपच्या वर गेलेल्या टीमलाही प्लेयर घेता येतो ती सवलत), १४.१ मिलियनची. ती पूर्ण वापरली की पहिल्या एप्रनच्या (पगाराच्या आणखी वरच्या मर्यादेच्या) वर जाता येत नाही, १९५.९ चं कुंपण पडतं, वर्षभर काहीही झालं तरी ओलांडायचं नाही. त्यात सगळं बसवायला आणि जास्त पगारावरच्या टॅक्सच्या खाली राहायला व्हॅलान्च्यूनस गेला, शारिच आला, साधारण पाच मिलियन वाचले. लोकांना वाटतं शारिचसाठी ट्रेड केला, अहो शारिच म्हणजे सुटे पैसे परत मिळाले तसा आहे.

लारेव्हियाचं पण सांगतो, त्यात किंग्जचे हात बांधलेले होते. मेम्फिसने त्याचा चौथ्या वर्षाचा ऑप्शन (करार एक वर्ष पुढे न्यायचा टीमचा हक्क) नाकारला होता, आणि नियम असा की मग त्या प्लेयरला ज्या टीमकडे ट्रेड केला ती टीम पण ऑप्शनच्या रकमेपेक्षा जास्त पगार देऊ शकत नाही. तो साधारण पाच मिलियन. लेकर्सने सहा-सहा दिले, दोन वर्षांचे बारा. विषय संपला. हे कळल्यावर मला स्वतःला जरा शांत झोप लागली.

मरेचं १४० मला ठीक वाटतं. पंचवीस वर्षांचा, डिफेन्स करतो, थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारतो, तक्रार करत नाही. पुढे कॅप वाढत जाणार, तेव्हा हे महाग दिसणार नाही. वेस्टब्रूक मिनिमम, त्यात गमावण्यासारखं काहीच नाही.

मला खरा राग एलिसचा आहे. २.३ मिलियनचा टीम ऑप्शन घेतला त्यांनी. वरवर मस्त वाटतं, एवढ्या स्वस्तात डिफेंडर, तोही ४३ टक्के थ्री मारणारा. पण ऑप्शन नाकारला असता तर तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट झाला असता, कोणी काहीही ऑफर दिली तरी तेवढे देऊन किंग्जला ठेवता आला असता. आता पुढच्या उन्हाळ्यात तो पूर्ण मोकळा, टाटा बाय बाय. दोन मिलियन वाचवायला गेले आणि टीममधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचा माणूस रांगेत उभा करून ठेवला.

एकेका सौद्याचे सहा देतो. एकत्र बेरजेचे विचाराल तर तोंड बंद ठेवतो.

वसईचा_वॉरियर

वेस्टब्रूकबद्दल एवढं वाईट का बोलतात कळत नाही. २०१७ चा एमव्हीपी, ट्रिपल डबलचा (एका मॅचमध्ये पॉइंट, रिबाउंड, असिस्ट असे तीन आकडे दहा किंवा वर) रेकॉर्ड त्याच्या नावावर, गेल्या वर्षी डेन्व्हरला पण मॅचला तेराच्या वर पॉइंट काढले, ३६ व्या वर्षी!! मंगळवार रात्रीच्या कंटाळवाण्या मॅचला जीव तोडून खेळणारा माणूस पाहिजेच ना टीममध्ये. आणि आमच्या वॉरियर्सच्या कुमिंगाच्या मागे उन्हाळाभर लागलेलात तुम्ही, तो शेवटी आमच्याकडेच राहिला, ते कोणी बोलत नाही इथे 😄

काउबेल_ताई

मी इकडे सॅक्रामेंटोजवळ राहते, चौदा वर्षं झाली. मॅच जिंकली की डाउनटाउनमधून आकाशात तो जांभळा बीम सोडतात ना, हवा स्वच्छ असेल तर आमच्या बॅकयार्डमधून दिसतो. २०२२-२३ ला माझा मुलगा रात्री दात घासता घासता बाहेर जाऊन बघून यायचा लागला का म्हणून. सांगायचं कारण असं की इथल्या लोकांना ही टीम म्हणजे आकडे नाहीत. २०१३ ला टीम सिॲटलला जायला निघालेली होती, तेव्हा राणदिवेंनी विकत घेतली आणि इथेच ठेवली, २०१६ ला नवीन अरीना उभं राहिलं, त्यामुळे गावाला त्यांचं देणं आहे आणि ते लोक विसरलेले नाहीत. आपल्याला तर नावामुळे जास्तच कौतुक. मी पहिल्या वर्षी ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरले होते की ओनर मुंबईचे, आमच्या भाषेचे, नाव असं म्हणायचं रा-ण-दि-वे.

आता नाही सांगत 😅

कारण २०१३ पासून कोच मोजा. मलोन, कॉर्बिन, कार्ल, योर्गर, वॉल्टन, मध्ये जेंट्री, मग ब्राउन, आता क्रिस्टी. मलोनला २०१४ च्या डिसेंबरमध्ये काढलं, त्याने पुढे २०२३ ला डेन्व्हरला चॅम्पियन केलं. ब्राउनला २०२३ ला सगळीच्या सगळी मतं मिळून कोच ऑफ द इयर मिळालं, दीड वर्षात काढलं, २०२५ ला तो न्यूयॉर्कचा कोच झाला. गणपती मंडळात एखादे अध्यक्ष असतात बघा, वर्गणी सगळ्यात जास्त त्यांची, मन पण चांगलं, पण दर वर्षी डेकोरेशनवाला बदलायचा आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी थीम बदलायची. तसं होतं इथे. जीएम पेरी की अजून कोण याने फार फरक पडत नाही असं आता लोक उघड बोलायला लागलेत, लायब्ररीच्या रांगेत पण.

एप्रिलच्या त्या डॅलसच्या मॅचला मी होते. सुरुवातीला अख्खं अरीना काउबेल वाजवत होतं, कानाला दडे बसलेले. तिसऱ्या क्वार्टरनंतर माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांची घंटा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. ओरडल्या नाहीत, शिवी नाही, फक्त गुंडाळून ठेवली. १२०-१०६ हरलो. घरी पोचेपर्यंत फोनवर मॅकनेअर गेल्याची बातमी. मला तेव्हा वाटलं आता तरी हे लोक एक काहीतरी ठरवतील.

ठाणेकर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. मूव्ह वाईट नाहीत हे खरं. पण त्या सगळ्या मिळून कुठे जायचंय ते सांग बघू. जिंकायचं असेल तर अठ्ठेचाळीस मॅच जिंकणारी टीम पाहिजे, लीगच्या पश्चिम विभागात ओक्लाहोमा, डेन्व्हर, ह्यूस्टन, मिनेसोटा बसलेत, त्यांच्यासमोर ही टीम पुन्हा नववी-दहावीच. आणि नव्याने बांधायचं असेल तर लावीन, डिरोझन, मंक यांचं काहीतरी करून क्लिफर्ड, रेनो, एलिस, मरे यांना पोटभर खेळू द्यायचं, हरू द्यायचं, वरचा ड्राफ्ट पिक घ्यायचा. ३६ वर्षांचा डिरोझन, पुढच्या महिन्यात ३७ चा होणारा वेस्टब्रूक आणि ३२ चा श्रोडर घेऊन कोणी नव्याने बांधतं का? एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच. आणि वेस्टब्रूकच्या प्रत्येक मिनिटामागे क्लिफर्डचं नाहीतर एलिसचं एक मिनिट जाणार, म्हणजे वसईकर, मिनिमम पगार असला तरी तो फुकट नाही हो.

रेनोकडे लक्ष ठेवा मात्र. सात फूट एक इंच, स्टॅनफर्डचा, फ्रेंच पोरगा, बाहेरून शूट करतो. ४२ नंबरला हा मिळणं म्हणजे मंडईत संध्याकाळी उतरलेल्या भावात हापूस मिळाल्यासारखं. त्या एका पिकचे पेरींना माझ्याकडून पैकीच्या पैकी. बाकी मार्क मी फेब्रुवारीत देईन, ट्रेड डेडलाइनला लावीन-डिरोझनचं काय करतात ते बघून.

नागपूरचा_नेट

ताई, रेनोचं सोळा आणे खरं. चाराचे साडेचार करतो.

सीए साहेब, तुमचं घर आणि हप्ते पटलं, पण एक सांगा, घर घेतलं कोणी? डिरोझनच्या वेळी २०२४ ला हॅरिसन बार्न्स दिला आणि वर २०३१ चा पिक स्वॅप (ड्राफ्टमधला नंबर अदलाबदल करायचा हक्क) सॅन अँटोनियोला दिला. तिथे वेम्बन्यामासारखा स्टार आहे! आणि फॉक्स पण तिथेच गेला. म्हणजे शेजाऱ्याला आपली शिडी पण दिली आणि दिवा पण दिला, आता तो वर चढून उजेडात बसणार आणि आपण खाली चाचपडत.

सीए_सदाशिव

ते पेरीच्या आधीचं कर्ज आहे, मी फक्त या वर्षीचं ऑडिट करतोय 🙏 आधीची वर्षं उघडली तर २०१८ च्या ड्राफ्टला डॉन्चिच सोडून बॅगलीला घेतलं तिथपर्यंत जावं लागेल, आणि सणासुदीला कशाला.

ठाणेकर_बीम

नेट सर, काउबेल ताई, सदाशिव काका, थँक्यू. खरंच. एलिसच्या ऑप्शनचं मला माहितीच नव्हतं, मी तर ग्रुपवर तो पॉइंट किंग्जच्या बाजूने टाकलेला, आता गुपचूप डिलीट करायला लागेल. भोक आणि ठिगळ पण ढापणार आहे सर, नाव नाही सांगणार.

माझे सहाचे पाच करतो. त्याच्या खाली हात जात नाहीये. श्रोडर आणि साबोनिस जमले आणि मरे डिसेंबरच्या आत आला तर, मला माहितीये हा "तर" किती मोठा आहे, पण पहिली मॅच अजून झालीच नाहीये ना. फिनिक्सविरुद्ध आहे, आपल्याकडे २३ ऑक्टोबरला सकाळी साडेसातला. नेमकी भाऊबीज. माझी ताई कल्याणहून येणार आहे, तिला सांगितलंय दहानंतर ये.

काउबेल_ताई

अरे वेड्या, उलट कर. सकाळी सातलाच बोलाव, आधी ओवाळून घे, करंजी खा, मग मॅच लाव. नंतर ओवाळलं तर फोटोत तुझं तोंड बघवणार नाही.